हस्तरंजित वेलचित्रे
हस्तरंजित वेलचित्रे : शोभिवंत फुलवेलींच्या आकृत्या ताम्रपत्रावर किंवा शिळेवर उतरवून, त्यांचे ठसे कागदावर छापून, प्रत्येक प्रत जलरंगांनी हाताने रंगवून तयार केलेली वनस्पतिचित्रे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यूरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, ती मोठ्या प्रमाणावर निघाली. वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग टिकत नाही व वेलीची ठेवण हरवते. ही उणीव अशी चित्रे भरून काढीत.

या प्रकारातील सर्वांत दीर्घजीवी प्रकाशन म्हणजे विल्यम कर्टिस (१७४६–९९) या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये लंडन येथे सुरू केलेले बोटॅनिकल मॅगझीन. त्याच्या पहिल्याच खंडात नॅस्टर्शियम व निळे कृष्णकमळ या वेली आल्या. पुस्तकाच्या लहान पानावर संपूर्ण वेल मावत नसल्याने खोडाचा एक तुकडा, पान, कळी व फूल एवढेच दाखवीत. तथापि वेल कशाच्या आधारे चढते हे त्यातून कळणे आवश्यक असे. कृष्णकमळ प्रतानांनी आधार पकडते, नॅस्टर्शियमचे देठ वेढे घेतात, तर विस्टेरियाचे खोडच आधाराभोवती वळते.

काही चित्रांना शास्त्रीय दस्तऐवजाचे महत्त्व आहे. १८१६ मध्ये चीनमधून इंग्लंडमध्ये आलेल्या विस्टेरियाचे ग्लायसीन सायनेन्सिस हे नाव जॉन सिम्स यांनी १८१९ मध्ये याच नियतकालिकात चित्रासह प्रसिद्ध केले. पुढे ही जाती विस्टेरिया प्रजातीत समाविष्ट झाली. दक्षिण भारतातील पिवळ्या-तांबड्या फुलांची म्हैसुरी थन्बर्जिया १८५४ मध्ये तेथे चित्रित झाली.

मूळ चित्र व छापील प्रत यांमध्ये मात्र अनेक हात येत. ताम्रपत्रावर चित्र जसेच्या तसे कोरल्यास ठसा उलटा उमटतो. वळणाऱ्या वेलीच्या बाबतीत हा दोष गंभीर ठरतो. कारण चिनी व जपानी विस्टेरिया विरुद्ध दिशांनी वळतात व तेवढ्यावरूनही त्या ओळखता येतात. रंगकाम नमुना प्रत समोर ठेवून केले जाई. प्रारंभीच्या काळात प्रत्येक अंकात तीन चित्रे असत व सुमारे ३,००० प्रती खपत. म्हणजे दरमहा सुमारे ९,००० ठसे रंगवावे लागत. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत छटा भिन्न आढळतात. एखाद्या सुट्या प्रतीवरून फुलाच्या रंगाचा निर्णय करता येत नाही. अनेक प्रती ताडून पहाव्या लागतात.

सिडनम एडवर्ड्‌स, वॉल्टर हूड फिच व मटिल्डा स्मिथ या चित्रकारांची नावे इतिहासात राहिली. त्यांपैकी फिच यांनी १८३४ पासून चित्रे काढली व १८७७ मध्ये मोबदल्याच्या वादातून ते काम सोडले. प्रती रंगविणारे कारागीर मात्र बहुतांशी अज्ञात राहिले. १८४५ च्या सुमारास ताम्रपत्राची जागा शिळामुद्रणाने घेतली, तरी हस्तरंजन १९४८ पर्यंत चालू होते.

महाराष्ट्रातही अशा अनामिकतेचे उदाहरण आढळते. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७–५० या काळात १७२ वनस्पतिचित्रे करवून घेतली. ही छापील नसून मूळ जलरंगचित्रे आहेत व एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत. त्यांचा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच ज्ञात आहे. वनस्पतींची नावे नोंदली गेली, चित्रकाराचे नोंदले गेले नाही.