पोराच्या हातात गाडी देताय? कायदा काय सांगतो ते आधी वाचा

दहावीचा निकाल लागला, तालुक्याच्या कॉलेजात ॲडमिशन झालं की घरात पहिला विषय निघतो तो गाडीचा. एसटी वेळेवर येत नाही, क्लास सुटायला संध्याकाळ होते, डेअरीला दूधही घालायचं असतं. मग बापाची मोटारसायकल सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात जाते. "गावातल्या गावात तर चालवतो" असं म्हणता म्हणता पोरगं हायवेला लागतं. अपघात झाला तर मात्र त्याची किंमत सगळं घर मोजतं.

वय किती लागतं?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटर १०० सीसी किंवा त्याच्या वरच्या आहेत, त्यामुळे त्या यात बसत नाहीत. ट्रॅक्टरलाही परवाना लागतो. शेतातून डांबरीवर आला की ट्रॅक्टरही इतर वाहनांसारखंच वाहन.

बॅटरीच्या गाडीला परवाना लागत नाही, असं दुकानदार सांगतात. ही सूट २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या हलक्या गाडीलाच आहे. त्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाडीला परवाना आणि नंबर दोन्ही लागतात.

पोरगं पकडलं तर बाप अडकतो

१ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. त्याची शिक्षा अशी:

- पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड
- गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द
- त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही

"मला माहीत नव्हतं" असं नुसतं म्हणून सुटका होत नाही. ते पालकालाच सिद्ध करावं लागतं. चावी रोज खुंटीला लटकत असेल तर हे सिद्ध करणं अवघडच. शिवाय परवाना नसलेल्याच्या हातून कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर विमा कंपनी नुकसानभरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत गेली तर जमीन विकायची पाळी येते.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या कारने दोघांचा जीव घेतला. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती.

परवाना कसा काढायचा?

१८ पूर्ण झाल्यावर परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर आधी लर्निंग लायसन्स काढायचं. आधार असेल तर ही परीक्षा घरबसल्या देता येते. पण पोराच्या जागी दुसऱ्याने पेपर देऊन उपयोग नाही, रस्त्यावरच्या खुणा त्यालाच ओळखायच्या आहेत. लर्निंगची मुदत ६ महिने असते. ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आरटीओचं शिबिर तालुक्याला असतं, त्याची तारीख आधी बघून ठेवावी. लर्निंग असताना गाडीला लाल रंगात 'एल' लावायचा. दुचाकीवर मागे बसवायचं तर परवाना असलेल्या शिकवणाऱ्यालाच, मित्राला नाही.

नुसती गाडी येणं म्हणजे चालवणं नव्हे

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर म्हैस आडवी आली, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं. म्हणून शिकवताना या गोष्टी पोराच्या अंगवळणी पाडाव्यात:

- दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायचे. चिखल किंवा खडी असेल तर आधीच वेग कमी करायचा.
- आयएसआय मार्कचं हेल्मेट घालायचं आणि पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडून जातं.
- ट्रिपल सीट नाही. हेल्मेट नसेल किंवा ट्रिपल सीट असेल तर प्रत्येकी १ हजार रुपये दंड आणि ३ महिने परवाना निलंबित होऊ शकतो.
- गाडी चालवताना मोबाईल खिशातच राहू द्यायचा.
- उसाच्या हंगामात रात्री गाडी हळू चालवायची. बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

तोपर्यंत काय करायचं?

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत आहे, मुलांनाही सवलतीचा पास मिळतो. गाडीची वेळ जुळत नसेल तर पालकांनी मिळून ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन आगारप्रमुखांना भेटावं. दोन वर्षं थांबल्याने पोराचं काही बिघडत नाही. १८ पूर्ण होईपर्यंत चावी मात्र खुंटीवर नको, कपाटात कुलपात ठेवा.