सप्रतिबंध वारस

‘वारस’ हा शब्द आपण घरोघर इतक्या सहजतेने योजतो की, त्याच्या पोटी दोन अगदी निराळ्या स्थिती आहेत हे ध्यानात येत नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. निपुत्रिकाच्या भावाचा किंवा चुलत्याचा हक्क तसा नव्हे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत पहिल्यास अप्रतिबंध व दुसऱ्यास सप्रतिबंध दाय म्हटले आहे. दुसरा मनुष्य वारस खरा, पण मध्ये कोणी जन्मास येत नाही तोवरच. यालाच आम्ही संभाव्य वारस म्हणतो.

असा वारस आधी ओळखता येण्यास वारसाचा क्रम ठरलेला असावा लागतो. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, याच्या दिल्ली दरवाजातून हर्सूलवरून अजिंठ्याकडे वाट जाते. ज्या दिल्लीचे नाव त्या दरवाजास आहे, तेथूनच दख्खनच्या सुभेदारीची सनद मिळवून निजामुल्मुल्काचा थोरला मुलगा गाजीउद्दीन १७५२ साली या शहरी आला. मराठे त्याच्या पाठीशी होते. काही आठवड्यांतच येथे विषप्रयोगाने त्याचा अंत झाला. मोगली वहिवाटीत थोरलेपणास निर्णायक मोल नव्हते. तेथे संभाव्य वारस कोण, हे तलवार किंवा विष ठरवी.

पुण्यास मात्र क्रमाचा प्रश्न खरोखरच उभा राहिला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले. त्यांस पुत्र नव्हता, भाऊ हयात नव्हता. म्हणून चुलते रघुनाथराव पुढे झाले आणि पेशवाईची वस्त्रेही त्यांस मिळाली. परंतु गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावे कारभार आरंभिला. पेशवाई ही काही शेतजमीन नव्हे, ती साताऱ्याच्या वस्त्रांवाचून सिद्ध होत नसे, हे आम्ही जाणतो. तथापि गर्भस्थ पुत्राचा हक्क धर्मशास्त्रासही मान्य असल्याने बारभाईंचे हे थांबणे निव्वळ कारस्थान होते असे आम्हांस वाटत नाही. कन्या झाली असती तर? ही धास्ती गडावर किती असेल! १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बालकास वस्त्रे आली आणि रघुनाथरावांचा हक्क लयास गेला. खुनाचा डाग त्यांच्यावर होताच. त्यांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला, आणि तेथून सुरू झालेले युद्ध सालबाईच्या तहापर्यंत, १७८२ पर्यंत, चालले.

गर्भस्थ अपत्याचा हक्क १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही राखला आहे, आणि आता तेथे पुत्र-कन्या असा भेद नाही.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारले. आडवा आलेला जीवच नाहीसा झाला. नानांनी दत्तकाचा नवा प्रतिबंध घालू पाहिला, परंतु १७९६ च्या अखेरीस गादीवर बसले ते रघुनाथरावांचेच पुत्र बाजीराव.