पोटातला गोळा : प्रस्तावना

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर येतात, तेव्हा दोन केळी खाऊन येतात. सरावाच्या दिवसांत ती केळी निमूट पचतात. भरतीच्या दिवशी मात्र, छातीवर नंबर लावून 1600 मीटरच्या रांगेत उभं राहिलं की तीच केळी घशाशी येतात. खाणं तेच, वेळ तीच. फक्त पोटात गोळा आलेला असतो.

हे पुस्तक त्या गोळ्याविषयी आहे. व्यायामाआधी किती वेळ खाऊ नये, असं कुणी विचारलं की आपण घड्याळ दाखवतो : पोटभर जेवणानंतर तीन-चार तास, हलक्या खाण्यानंतर तासभर. हा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. चिंता, शोक, भय, क्रोध यांमुळे पथ्याचं आणि बेताने घेतलेलं अन्नही पचत नाही, असं चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितलेलंच आहे. पण हे प्रत्यक्ष पोटात डोकावून बघायला एक अपघात व्हावा लागला.

1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला चुकून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने वर ओढून किती विरघळले ते बघायचे. सेंट मार्टिन चिडलेला असला की पचन बिघडतं, अशी नोंद त्यांनी केली. (पोटात दोरा सोडून बसलेल्या माणसावर तो चिडला असेल, तर त्यात नवल ते काय!) बेताची हालचाल पचनाला मदत करते, हेही त्यांच्या 1833 च्या ग्रंथात आहे. आपल्या विषयाची दोन्ही टोकं अशी एकाच जठरात सापडली.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन क्ष-किरणांखाली धरलं. मांजर बिथरलं की जठराच्या लाटा जागच्या जागी थांबत. ते शांत झालं की पुन्हा सुरू होत. त्यावरून भावना म्हणजे पचनाला लागलेला ब्रेक, असं चित्र रूढ झालं.

मला हे चित्र फार सरधोपट वाटतं. वुल्फ आणि वॉल्फ या दोन डॉक्टरांनी 1943 मध्ये, जठराला सेंट मार्टिनसारखंच छिद्र असलेल्या ‘टॉम’ नावाच्या माणसाची निरीक्षणं प्रसिद्ध केली. भीतीने त्याच्या जठराचं अस्तर फिकट पडे, पाझर कमी होई. मनात राग धुमसत असला की तेच अस्तर लालबुंद होऊन आम्ल वाढे. म्हणजे भीती आणि राग यांना ‘ताण’ या एकाच पोत्यात भरून चालणार नाही. मराठीने ते कधी भरलेही नाहीत : भीतीने गोळा येतो, दुःखात घास उतरत नाही, मायेने कालवाकालव होते.

आता यात व्यायामाची भर घाला. स्वस्थ बसलेलं असताना हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाव हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो. जोरात धावायला लागलं की त्यातलं बरंचसं पायांकडे वळतं. भीतीही याच दिशेने ओढते. धावणं आणि भीती एकत्र आली की जठर अन्न धरून बसतं. गंमत अशी की त्याच वेळी मोठं आतडं मात्र घाईला येतं. शर्यतीआधी स्वच्छतागृहापुढे रांग लागते ती उगाच नाही.

पुढची प्रकरणं वाचायला वैद्यकाचं ज्ञान लागत नाही. जठराची रचना दुसऱ्या प्रकरणात आहे. कंटाळा आला तर ते खुशाल ओलांडा. एक वही मात्र आजच घाला : काय खाल्लं, किती वाजता, आणि घास घेताना मनात काय चाललं होतं. तिसरा रकाना भरायला जड जाईल. चौथ्या प्रकरणापासून तोच लागणार आहे.