अर्धा सेकंद उशीर

रनआउटचा चान्स आहे. कव्हरवरच्या पोराने पळत येऊन चेंडू उचलला आणि थेट स्टंपकडे फेकला. थ्रो अगदी सरळ. पण विकेटकीपर स्टंपपाशी अर्धा सेकंद उशिरा पोहोचला, चेंडू ग्लव्हजला लागून मागे गेला आणि ओव्हरथ्रोच्या चार धावा. आता शिव्या कोणाला पडतील? थ्रो करणाऱ्याला.

समजा, कीपर मुद्दाम उशिरा पोहोचला असेल तर?

हॅल चेसची गोष्ट वाचताना मला पहिल्यांदा हेच चित्र दिसलं. मला बेसबॉल धड कळत नाही. पण हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्याची पद्धत मी ऑफिसात पाहिलेली आहे. ते शेवटी सांगतो.

चेसचा जन्म १८८३ सालचा, कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोसचा. १९०५ मध्ये तो न्यूयॉर्क हायलँडर्सकडून पहिल्या बेसवर खेळायला लागला. हाच संघ पुढे यांकीज झाला. बेसबॉलमध्ये बॅटरने चेंडू मारला की तो पहिल्या बेसकडे पळतो आणि फिल्डर चेंडू उचलून पहिल्या बेसवरच्या माणसाकडे फेकतो. त्याने बेसवर पाय ठेवून, बॅटर पोहोचायच्या आत चेंडू पकडला की आउट. म्हणजे मैदानातले निम्मे थ्रो याच एका माणसाच्या हातात येऊन संपतात. चेस या कामात जादूगार होता. त्याच्यासारखा पहिल्या बेसचा खेळाडू पाहिला नाही, असं म्हणणाऱ्यांत खुद्द बेब रूथ आणि वॉल्टर जॉन्सन होते. लोक त्याला ‘प्रिन्स हॅल’ म्हणायचे.

त्याच्यावरचा आरोप असा, की सट्टा लावलेल्या सामन्यात तो बेसवर किंचित उशिरा पोहोचायचा. चांगला थ्रो वाकडा दिसायचा. बेसबॉलचा स्कोअरर प्रत्येक चूक कोणाच्या तरी नावावर लिहितो, ती इथे थ्रो करणाऱ्याच्या नावावर जायची. त्याच्या स्वतःच्या नावावरही चुका बऱ्याच होत्या. पण चाहत्यांकडे उत्तर तयार असायचं: इतर जिथे पोहोचतच नाहीत तिथे हा पोहोचतो, म्हणून चुका जास्त दिसतात.

१९१० मध्ये त्याचा मॅनेजर जॉर्ज स्टॅलिंग्ज उघड बोलला, की चेस मुद्दाम सामने घालवतो. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच आणि कॅप्टन एकत्र. संघ तेव्हा गुणतक्त्यात वरच्या जागी होता, म्हणजे बोलणारा माणूस अपयशी नव्हता. संघाचे मालक दोन: फ्रँक फॅरेल हा जुगारअड्डे चालवणारा आणि बिल डेव्हरी हा न्यूयॉर्कचा बदनाम माजी पोलीसप्रमुख. लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सनही चेसच्याच बाजूने उभा राहिला. स्टॅलिंग्ज गेला आणि हंगामाच्या शेवटच्या १४ सामन्यांसाठी मॅनेजर झाला हॅल चेस!

तक्रार करणाऱ्याची खुर्ची आरोपीला मिळाली. १९११ चा पूर्ण हंगाम त्याने संघ सांभाळला. ७६ जिंकले, ७६ हरले, सहावा नंबर. मग त्याने मॅनेजरपद सोडलं. १९१३ मध्ये नवा मॅनेजर फ्रँक चान्स यानेही तीच तक्रार केली. यावेळी चेसची शिकागो व्हाइट सॉक्सला बदली झाली. रोग बरा न करता पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवला.

पळून जाणं त्याला नवीन नव्हतं. १९०८ मध्येच तो हंगाम अर्धवट टाकून कॅलिफोर्नियातल्या बंडखोर लीगमध्ये गेला होता आणि पुढच्या वर्षी त्याला परतही घेतलं गेलं. १९१४ मध्ये तो शिकागो सोडून नव्या फेडरल लीगच्या बफेलो संघात गेला. इथे मात्र मला त्याची बाजू पटते. तेव्हाच्या करारानुसार क्लब दहा दिवसांची नोटीस देऊन खेळाडूला काढू शकत असे, खेळाडूला मात्र क्लब सोडता येत नसे. चेसने उलट क्लबलाच दहा दिवसांची नोटीस दिली. शिकागोने कोर्टातून मनाई हुकूम आणला. न्यायमूर्ती हर्बर्ट बिसेल यांनी तो उठवला आणि ही पद्धत जवळपास वेठबिगारी आहे असं ठरवलं. नोटीस पिरियड आणि बाँडच्या कटकटीतून गेलेल्या कोणालाही हे वाचून बरं वाटेल. मालक खेळाडूंना पिळत होते हे खरं. पण चेसच्या उशिराची किंमत मालकांपेक्षा जास्त शेजारी उभ्या असलेल्या पोरांनी मोजली, हेही खरं.

त्यातला एक जिमी रिंग. १९१७ मध्ये तो सिनसिनाटी रेड्सचा नवखा पिचर होता. चेस त्याच संघात होता आणि आदल्याच वर्षी .३३९ च्या सरासरीने लीगमधला सर्वोत्तम फलंदाज ठरला होता. रिंगने पुढे दिलेल्या माहितीनुसार, एका सामन्यात तो मध्येच पिचिंगला आला तेव्हा चेस जवळ येऊन म्हणाला, की आपले पैसे समोरच्या संघावर आहेत. रिंगने नकार दिला. तरीही सामना हरला. दुसऱ्या दिवशी चेसने ५० डॉलर त्याच्यापुढे टाकले. रिंगने जाऊन मॅनेजर क्रिस्टी मॅथ्यूसनला सांगितलं. करिअर जेमतेम सुरू झालेल्या पोराने टीमच्या सगळ्यात मोठ्या स्टारबद्दल तोंड उघडलं, हे सोपं नव्हतं.

ऑगस्ट १९१८ मध्ये मॅथ्यूसनने चेसला निलंबित केलं आणि तो स्वतः महायुद्धासाठी फ्रान्सला गेला. १९१९ च्या सुरुवातीला लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांच्यासमोर सुनावणी झाली तेव्हा मुख्य साक्षीदार समुद्रापलीकडे होता. चेस निर्दोष सुटला आणि न्यूयॉर्क जायंट्सने त्याला लगेच घेतलं. मॅथ्यूसन परत आला तो त्याच जायंट्सचा कोच म्हणून. ज्याला पकडलं, त्याच्याच बाकावर बसायचं!

त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज फिक्स झाली. ऑक्टोबर १९२० मध्ये शिकागोच्या ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले त्यांत चेसचंही नाव होतं: खेळाडू आणि सट्टेबाजांमधला दुवा म्हणून. फिक्सिंगची कुणकुण होती, पण आपण त्यात नव्हतो, असं तो नंतर सांगत राहिला. एप्रिल १९२१ मध्ये त्याला कॅलिफोर्नियात सॅन होजेला अटक झाली. पण इलिनॉयकडून आलेली कागदपत्रं अपुरी निघाली आणि तो सुटला. शिकागोतला खटला त्याच्याशिवाय चालला.

कायद्याच्या हातून तो निसटला, पण मोठ्या बेसबॉलची दारं बंद झाली. पुढे तो मेक्सिकोच्या सीमेवरच्या डग्लस या तांब्याच्या भट्ट्यांच्या गावात खेळला. तिथल्या बिगरमान्यता लीगमध्ये बंदी घातलेले इतर खेळाडूही होते. मग दारू, किरकोळ कामं आणि शेवटी बहिणीच्या कुटुंबाचा आधार. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलुसा इथे तो गेला. त्याआधी १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमचं पहिलं मतदान झालं. त्यात त्याला ११ मतं पडली होती. सगळं माहीत असूनही!

आता माझं. पहिल्या नोकरीत एकदा रात्री सिस्टीम झोपली. लॉगमध्ये एरर दिसत होता आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीच्या कोडमध्ये. खरं कारण वेगळं होतं. तिचं कोड ज्या सर्व्हिसला विचारत होतं ती उशिरा उत्तर देत होती आणि ती सर्व्हिस आमच्या लाडक्या सीनियरची होती. बदल केल्यावर त्याने टेस्टिंग टाळलं होतं आणि हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मीटिंगमध्ये तो काही बोलला नाही. मीही नाही. रिव्ह्यूमध्ये चूक तिच्या नावावर गेली. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली.

चेसबद्दल वाचताना मी स्वतःला आधी स्टॅलिंग्जच्या जागी ठेवून पाहत होतो, मग रिंगच्या. दोन्ही जागा माझ्या नव्हत्या. मी डगआउटमध्ये बसून सगळं पाहणाऱ्यांपैकी होतो. चेस पंधरा वर्षं मोठ्या लीगमध्ये टिकला तो अशांच्या जिवावर.

मागच्या महिन्यात मी तिला मेसेज केला आणि त्या रात्री काय झालं होतं ते सविस्तर लिहिलं. तिचं उत्तर दोन शब्दांचं होतं: ‘माहीत होतं.’