फ्लेम विद्यापीठ
उदारमतवादी शिक्षण (अनेक विद्याशाखांचा एकत्रित अभ्यास) देणारे, पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवळे येथील राज्य खासगी विद्यापीठ. ‘फाउंडेशन फॉर लिबरल अँड मॅनेजमेंट एज्युकेशन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचे ‘फ्लेम’ हे नाव पडले.

उगम : पराग शहा यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत उदारमतवादी शिक्षणाचा पदवीस्तरीय अभ्यासक्रम २००७ मध्ये सुरू झाला. राज्य विधिमंडळाच्या अधिनियमान्वये २०१५ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. उदारमतवादी शिक्षणाची ही पद्धत अमेरिकेतील विल्यम्स (१७९३), अ‍ॅमहर्स्ट (१८२१) यांसारख्या लहान निवासी महाविद्यालयांत रुजली (पहा : अमेरिकेतील उच्च शिक्षण).

वैशिष्ट्ये : विद्यार्थी एक मुख्य व एक दुय्यम विषय निवडतो, दोन्ही वेगवेगळ्या विद्याशाखांतील असू शकतात. त्यांना सामायिक पायाभूत अभ्यासाची जोड असते. ‘डिस्कव्हर इंडिया’ उपक्रमात विद्यार्थ्यांचे गट प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली देशातील एखाद्या सांस्कृतिक विषयाचा क्षेत्रीय अभ्यास करून अहवाल सादर करतात. संकुल निवासी आहे.

महत्त्व : संलग्न महाविद्यालयांना मूळ विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवावा लागतो, खासगी विद्यापीठ स्वतःचा अभ्यासक्रम आखते व पदवी देते (पहा : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ). त्यामुळे विद्याशाखांच्या सीमा ओलांडणारी विषयरचना येथे शक्य झाली. बहुविद्याशाखीय पदवी शिक्षणाची शिफारस पुढे २०२० च्या धोरणात आली (पहा : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण). सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आणि महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज (१९९७) यांच्यासह फ्लेममुळे मुळशी हे निवासी शिक्षणाचे केंद्र बनले (पहा : मुळशी तालुका).