पुसले ते मिटले नाही : हार्ड डिस्क नष्ट करण्याचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/२२
२० जुलै २०१३, शनिवार. लंडनमधील 'द गार्डियन' या वृत्तपत्राच्या इमारतीचे तळघर. वृत्तपत्रातील वरिष्ठ मंडळी ग्राइंडर आणि ड्रिल हाती घेऊन स्वतःच्याच संगणकांचे तुकडे करीत आहेत. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेचे दोन तंत्रज्ञ शेजारी उभे राहून टिपणे आणि छायाचित्रे घेत आहेत. त्या संगणकांत एडवर्ड स्नोडेनने उघड केलेली गोपनीय कागदपत्रे होती.

२/२२
नेमका कोणता भाग फोडायचा, हेही ते तंत्रज्ञ दाखवीत होते. अखेरीस उरला तो धातूचा भुगा आणि सर्किट बोर्डांचे तुकडे. 'डिलीट'चे बटण हाताशी असताना एवढा खटाटोप कशासाठी? आणि तो पार पडल्यावर ती माहिती खरोखर नष्ट झाली का? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

३/२२
इतिहासाच्या वाचकाला एक हळहळ कायमची सोबत करते : जळालेली दप्तरे, वाळवीने खाल्लेले मोडी कागद, रद्दीत गेलेले पत्रव्यवहार. जे टिकायला हवे होते ते गेले, हे आपले नेहमीचे दुःख. आजची हकीकत उलट आहे. जे नष्ट व्हायला हवे होते, नष्ट झाले असे सर्वांनी गृहीत धरले होते, ते मागे राहिले आणि भलत्याच हाती पडले.

४/२२
तेहरान, ४ नोव्हेंबर १९७९. अमेरिकेच्या दूतावासात आंदोलक विद्यार्थी घुसले. आतील कर्मचारी घाईघाईने गोपनीय कागद श्रेडरमध्ये घालत होते. पण ते यंत्र कागदाच्या लांब, उभ्या पट्ट्या काढणारे होते. डोळ्यांना तो कचरा दिसत होता. प्रत्यक्षात प्रत्येक पट्टीवर मजकुराचा सलग तुकडा शाबूत होता.

५/२२
विद्यार्थ्यांनी त्या पट्ट्या गोळा केल्या आणि चिकाटीने एकमेकींशेजारी जुळवल्या. या कामी गालिचे विणणाऱ्या कारागिरांची मदत घेतली गेली, असे सांगितले जाते. पुढे ही कागदपत्रे ५०हून अधिक खंडांत छापून रस्त्यावर विक्रीस आली! त्यातून गुप्तचर जगाने एक धडा घेतला : कागद फाडला की नाही, याला फारसे महत्त्व नाही, तुकडा केवढा उरला, याला आहे.

६/२२
दहा वर्षांनंतर, पूर्व जर्मनी. १९८९च्या हिवाळ्यात राजवट कोसळू लागली, तेव्हा 'श्टाझी' या गुप्त पोलीस खात्याने नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीच्या फायली नष्ट करायला घेतल्या. कागदांच्या त्या डोंगरापुढे यंत्रे थकली आणि अधिकारी हातांनी कागद फाडू लागले. ४ डिसेंबरला एरफुर्टच्या नागरिकांनी तेथील कार्यालयाचा ताबा घेतला. १५ जानेवारी १९९० रोजी लोक बर्लिनच्या मुख्यालयात शिरले.

७/२२
फाटलेल्या कागदांची सुमारे १६,००० पोती मागे राहिली. १९९५पासून न्यूरेंबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फ येथे ते तुकडे हातांनी जुळवण्याचे काम सुरू झाले आणि १५ लाखांहून अधिक पाने पुन्हा उभी राहिली. १९९२पासून नागरिकांना स्वतःची फाईल वाचता येऊ लागली. कोण नष्ट करतो आहे, कोणाची माहिती, आणि कोणापासून लपवण्यासाठी? हे प्रश्न लक्षात ठेवा. शेवटी त्यांच्याकडे परत येऊ.

८/२२
आता कागदाकडून चुंबकाकडे. सप्टेंबर १९५६मध्ये आयबीएमने 'रॅमॅक' संगणक जाहीर केला. हार्ड डिस्कची कुळकथा येथून सुरू होते. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. अक्षर आता शाईचे राहिले नव्हते. चुंबकीय थरातील सूक्ष्म ठिपक्यांच्या दिशा हीच नवी लिपी झाली होती, आणि ती डोळ्यांना दिसत नव्हती.

९/२२
गोंधळाचे मूळ याच अदृश्यतेत आहे. दप्तरखान्याच्या यादीतून एका रुमालाची नोंद खोडली, म्हणून फळीवरचा रुमाल नाहीसा होत नाही. 'डिलीट' बहुधा एवढेच करते : यादीतील नोंद खोडते आणि ती जागा मोकळी असल्याचे जाहीर करते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असतो. झटपट केलेल्या 'फॉरमॅट'चीही हीच गत.

१०/२२
मग जुन्या मजकुरावर नवे लिहावे, हा साधा उपाय. पण किती वेळा? १९९६मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील पीटर गुटमन यांनी एक शोधनिबंध सादर केला. पुसलेल्या खुणांचे अवशेष सूक्ष्मदर्शकाने वाचता येण्याची शक्यता त्यांनी मांडली आणि वेगवेगळ्या धाटणीच्या डिस्कांसाठी मिळून ३५ वेळा पुनर्लेखनाचा क्रम सुचवला.

११/२२
येथे एक दंतकथा जन्मली. एकाच डिस्कवर ३५ आवर्तने करायची, असा लोकांनी अर्थ घेतला. निरनिराळ्या जुन्या तंत्रांसाठीचे उपाय त्यात एकत्र केले होते, याचा विसर पडला. या पद्धतीला मंत्रतंत्राचे रूप आल्याची तक्रार पुढे खुद्द गुटमन यांनीच केली. आधुनिक चुंबकीय डिस्कवर सर्वत्र एकदा नीट पुनर्लेखन केले आणि ते तपासले, तर सहसा पुरते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची २०१४ची मार्गदर्शिका हेच सांगते.

१२/२२
खरा धोका सूक्ष्मदर्शकाचा नव्हताच. एमआयटीतील सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत या दोन विद्यार्थ्यांनी २०००पासून जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या अवघ्या १२! ५,०००हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक हाती लागले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली असल्याचे दिसले. तिच्यात वर्षभराचे व्यवहार होते. हे सारे २००३मध्ये प्रसिद्ध झाले.

१३/२२
घाईत केलेली मोडतोडही कामी येत नाही. १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेचे ईपी-३ हे टेहळणी विमान चिनी लढाऊ विमानाला धडकले आणि त्याला चीनच्या हैनान बेटावर उतरावे लागले. आतील २४ जणांनी कुऱ्हाड चालवली, उपकरणांवर गरम कॉफीसुद्धा ओतली. तरीही गोपनीय सामग्री पुरती नष्ट झाली नव्हती, हे नंतरच्या चौकशीत स्पष्ट झाले. डिस्क काही क्षणांत पुसणारे शक्तिशाली चुंबक बनवण्याच्या संशोधनाला या घटनेने चालना दिली.

१४/२२
चुंबकाने पुसण्याच्या या क्रियेला 'डीगॉसिंग' म्हणतात आणि हा शब्द थेट रणांगणातून आला आहे. १९३९मध्ये जर्मनीचे चुंबकीय सुरुंग ब्रिटिश जहाजे बुडवू लागले. जहाजाच्या पोलादी सांगाड्याचे चुंबकत्व ओळखून ते फुटत. ब्रिटिश नौदलातील चार्ल्स गुडीव यांनी जहाजाभोवती विद्युत तारा गुंडाळून ते चुंबकत्व झाकण्याची युक्ती योजली आणि गणितज्ञ गाउस यांच्या नावाच्या एककावरून तिला हे नाव दिले.

१५/२२
डीगॉसरमधून काढलेली आजची हार्ड डिस्क पुन्हा चालत नाही, कारण वाचक-शीर्षाला वाट दाखवणाऱ्या खुणाही पुसल्या जातात. पण एसएसडीवर हाच उपाय व्यर्थ ठरतो; तिच्यात माहिती चुंबकावर नसून चिपमधील विद्युत प्रभारात असते. २०११मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली : एसएसडीवरील एखादीच फाईल पुसण्याचे प्रचलित मार्ग विश्वासार्ह नाहीत. तंत्र बदलले की नाशाची रीतही बदलावी लागते.

१६/२२
आणि रीत माहीत असून भागत नाही. काम कोणाच्या हाती दिले, तेही पाहावे लागते. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने हजारो जुन्या डिस्क आणि सर्व्हर निकालात काढण्याचे काम सामानाची ने-आण करणाऱ्या कंपनीकडे सोपवले. त्या कंपनीला माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसह ऑनलाइन लिलावात विकली गेली. ओक्लाहोमातील एका खरेदीदाराने कळवले, तेव्हा कुठे कंपनीला जाग आली. २०२२मध्ये तिने ३.५ कोटी डॉलरचा दंड भरला.

१७/२२
येथवर आपण माहितीचे काय झाले, हे पाहिले. वस्तूचे काय झाले? २००२च्या एका अहवालाने चीनमधील ग्वीयू गाव जगापुढे आणले : परदेशी संगणकांचे ढीग, उघड्यावर जळणाऱ्या तारा, आम्लाच्या टाक्या आणि या साऱ्यात राबणारी माणसे. घातक कचऱ्याच्या अशा निर्यातीला आळा घालण्यासाठी १९८९मध्ये बासल करार झाला होता. अमेरिकेने त्यावर सही केली, पण तो आजवर अंगीकारलेला नाही.

१८/२२
दोन्ही धागे घानामध्ये एकत्र आले. २००९मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील पत्रकारितेचे विद्यार्थी तेथील ई-कचऱ्याचा माग काढत गेले आणि बाजारातून त्यांनी जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. एकीत अमेरिकी संरक्षण कंत्राटांची संवेदनशील माहिती निघाली! ज्या बेपर्वाईने कचरा गरिबांच्या दारात जातो, तिनेच गुपितेही बाहेर पडतात. माहिती आणि वस्तू दोघींची वाट एकच आहे.

१९/२२
भीतीपोटी सरसकट चुरा करावा, तर त्याचीही किंमत आहे. हार्ड डिस्कमध्ये ॲल्युमिनियम, तांबे, थोडे सोने आणि निओडिमियमची जोरकस चुंबके असतात. सगळे एकत्र भरडले की चुंबकाचे कण पोलादाच्या तुकड्यांना चिकटतात, भंगार पोलादाबरोबर भट्टीत जातात आणि निओडिमियम कायमचे हरवते. २०१०मध्ये चीनने दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची निर्यात आवळली. त्याच वर्षी जपानच्या हिताची कंपनीने जुन्या डिस्कमधून ही चुंबके सुटी काढणारे यंत्र जाहीर केले. तुटवड्याने शहाणपण शिकवले.

२०/२२
भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ रोजी लागू झाले. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३पासून अमलात आहेत. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, हेतू संपल्यावर लोकांची माहिती पुसण्याचे कर्तव्य संस्थांवर टाकले. एक नियम वस्तूची काळजी वाहतो, दुसरा माहितीची. मात्र दिल्लीच्या सीलमपुरात किंवा मुंबईच्या कुर्ल्यात भंगार सोडवणाऱ्या हातांपाशी दोन्ही एकाच वेळी येऊन पोहोचतात.

२१/२२
या इतिहासातून निघणारा क्रम असा. हवी ती माहिती आधी जपून ठेवा. मग संपूर्ण डिस्कवर पुनर्लेखन करा आणि तपासा. एसएसडी असेल तर तिच्यातील अंगभूत सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरा. डिस्क चालू असेल तर तिचा पुनर्वापर होऊ द्या. बंद पडली असेल तर नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्या. अनुक्रमांक लिहून घ्या, नष्ट केल्याचा दाखला मागा. हातोडा, आग आणि आम्ल यांपासून दूर राहा.

२२/२२
आता पुन्हा त्या तळघरात जाऊ. गार्डियनचे संगणक भुगा झाले, पण त्याच कागदपत्रांच्या प्रती अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये होत्या, आणि बातम्या येतच राहिल्या. फोडलेल्या संगणकाचे अवशेष २०१५मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडले गेले. श्टाझीच्या पोत्यांनी विचारलेला प्रश्न तिथेही होताच : ही माहिती कोणाची आणि ती नष्ट करण्याचा अधिकार कोणाचा? आपली खाजगी माहिती मिटवणे हा आपला हक्क आहे. सत्तेने स्वतःची कृत्ये मिटवणे ही इतिहासाची चोरी आहे. घरातली जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी दोन प्रश्न मात्र जरूर विचारा : हिच्यातले काय राहायला हवे? आणि जे जायला हवे, ते खरोखर कुठे जाणार आहे?