व्हिनेगरमधली नाणी

२०२० साली किराणा दुकानापुढे खडूने आखलेल्या वर्तुळात आपण उभे राहिलो आणि घरी येऊन पिशव्या पुसल्या. असे नियम जुनेच आहेत. इंग्लंडमधील ईम या खेड्यात १६६५ साली प्लेग शिरला. पुढल्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःवरच बंदी घालून घेतली. मग खायचे काय? बाहेरचे लोक शिवेवर धान्य ठेवून जात. गावकरी दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत.

प्लेगचा जीवाणू येर्सिन यांना १८९४ साली सापडला. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवले. म्हणजे व्हिनेगरचा उपयोग फारसा नव्हता. शीव न ओलांडल्याने मात्र शेजारची गावे वाचली, असे मानले जाते. त्याची किंमत ईमने मोजली. तेथे सुमारे २६० माणसे दगावली.

कोविडमध्येही पिशव्या पुसण्यापेक्षा अंतर, मास्क आणि खेळती हवा अधिक महत्त्वाची, हे पुढे कळले. वर्गात विचारून पाहा: आपण पाळलेला कोणता नियम कशामुळे उपयोगी पडला?